दोन कड्यांचा पट्टा

वाघमोड्यांच्या गाडीला भोक पाडायचं नव्हतं, तिथून हे सगळं सुरू झालं. संपत वाघमोडे हा इंदापूरकडच्या एका डाळिंबवाल्या घरातला थोरला मुलगा. घरात नवीन गाडी आली होती आणि तिच्या डिकीत त्यानं हौसेनं वूफर ठेवला होता. पेटी दोन हात लांब, काळ्या कापडानं मढवलेली, एकट्या माणसानं उचलली तर कमरेत कळ यावी एवढी जड. गाडी वळली की पेटी या अंगाची त्या अंगाला जायची, ब्रेक लागला की मागच्या सीटला येऊन धडकायची. बसवणाऱ्यानं सांगितलं होतं, डिकीच्या तळाला चार स्क्रू मारू, काम संपलं. पण संपतच्या वडिलांनी, म्हणजे आबांनी, गाडीशेजारी उभं राहून बजावलं होतं की नव्या गाडीला भोक पाडलंस तर तूही वस्तीवर येऊ नको आणि गाडीही आणू नको. त्यात एका मेकॅनिकनं त्याला घाबरवलं होतं, की डिकीच्या खालीच पेट्रोलची टाकी असते, ड्रिल कुठं उतरेल त्याचा नेम नाही. म्हणून मग बारामतीत भिगवण रोडवरच्या ज्या दुकानासाठी माझी आई सीट कव्हरं शिवायची, त्या दुकानदारानं संपतला आमच्या जळोचीच्या घरी पाठवलं. पट्ट्यानं काही बांधता येतंय का बघा, एवढाच निरोप होता.

आमचं घर म्हणजे दोन खोल्या आणि पुढं पत्र्याची पडवी. पडवीत आईचं मशीन. घराला रेक्झिनचा वास होता. पाहुणे आले की नाक मुरडायचे, आम्हाला तो कळायचाच नाही. वडील, आम्ही त्यांना तात्या म्हणायचो, एमआयडीसीत एका डेअरीत कामाला होते. पाळी संपवून मोटरसायकलवरून आले की त्यांच्या कपड्यांना दुधाच्या भुकटीचा गोडसर वास यायचा, आणि तो वास दारात आला की आई मशीनवरून उठून तवा टाकायची. बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, एखादा फोडलेला कांदा. कव्हरांची मोठी ऑर्डर असली की ती पहाटे हुलग्याच्या पिठाचं पातळ माडगं मोठं पातेलंभर करून ठेवायची आणि दिवसभर ज्याला जशी भूक लागेल तसं त्यानं ओतून घ्यायचं. ते मशीन साध्या कापडासाठी बनवलेलं. जाड रेक्झिन खाताना ते कण्हल्यासारखं वाजायचं, आणि त्याचे दाते झिजल्यामुळं थोड्या थोड्या अंतरानं एक टाका लांब पडायचा. आई त्याला उचकी म्हणायची. मेकॅनिकला दोनदा दाखवलं, उचकी काही गेली नाही.

मी तेव्हा कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होते. सकाळी कॉलेज आणि दुपारनंतर आईच्या समोर बसून कापणं, कडेला पायपिंगची दोरी लावणं, शिवण दाबणं. मला अभ्यासापेक्षा हे आवडायचं, पण तसं म्हणायची सोय नव्हती. आईला मात्र ते माहीत होतं. एकदा बोलता बोलता तिनं सांगून टाकलं होतं, की पुढच्या पाडव्याला रस्त्याकडेला पत्र्याचं शेड टाकू, तिथं मशीन नेऊ आणि बोर्डावर तुझं नाव घालू. मी ते नाव कसं लिहायचं, कुठल्या रंगात, हे वहीच्या मागच्या पानावर काढून बघायचे. मंदा सीट कव्हर्स. कधी निळं, कधी लाल.

संपत गाडी घेऊन आला तेव्हा आईनं डिकीत वाकून बघितलं आणि हे आपलं काम नव्हे म्हणून मान हलवली. मी म्हणाले, बघते. मागच्या सीटची पाठ खाली तळाला जिथं जोडलेली असते, तिथं दोन लोखंडी कड्या होत्या. डिकीतली फळी उचलली की खाली स्टेपनी, आणि तिला दाबून धरणारा एक जाड बोल्ट. गाडीनंच तीन जागा दिल्या होत्या, नवीन भोकाची गरजच नव्हती. मी पेटीची मापं घेतली आणि तिला रेक्झिनची खोळ शिवली, पुढच्या बाजूला वूफरच्या तोंडाएवढं गोल कापून. खोळीला तीन पट्टे. दोन पुढं सीटच्या कड्यांना आणि एक मागून फळीखालून स्टेपनीच्या बोल्टाला. तळाला वेल्क्रोचे खरखरीत तुकडे, म्हणजे डिकीच्या गालिच्याला ते धरून राहतील.

पहिल्या खेपेला दोन दिवसांत पट्टा सैल झाला. शाळेच्या दप्तराला असतं तसं प्लास्टिकचं बक्कल मी लावलं होतं, आणि वूफर धडधडायला लागला की त्या थरथरीनं ते हळूहळू सरकायचं. दुसऱ्या खेपेला बक्कल लोखंडी घेतलं, तर पट्टाच शिवणीतून उसवला. संपत बिचारा दोन्ही वेळा न कुरकुरता परत आला. तिसऱ्या खेपेच्या आधी मी चार दिवस नुसता विचार करत होते. मग शेजारच्या लहान मुलीच्या फ्रॉकचा पट्टा दिसला. त्याला दोन कड्या असतात. पट्टा दोन्हींतून घ्यायचा आणि एकीवरून मागं फिरवून दुसरीतून काढायचा. जेवढं ओढावं तेवढा तो आवळतो. मी बाजारात जाऊन लोखंडी कड्या आणल्या. शिवण चौकोन आणि त्यात फुली अशी मारली. ती मारताना तीन सुया मोडल्या. आईनं चौथी सुई माझ्या हातून घेतली आणि मला दाखवलं, की जाड जागी पाय न मारता चाक हातानं फिरवायचं. तो चौकोन आम्ही दोघींनी मिळून पुरा केला.

आबांचं म्हणणं पडलं की गाडीची पहिली लांबची फेरी मोरगावच्या गणपतीलाच झाली पाहिजे. संपत म्हणाला, तुमीबी चला, वाटंत सुटलं तर तितंच बांधाल. म्हणून मीही गेले, मागच्या सीटवर आबा आणि त्यांच्या मंडळींच्या मधे. निघण्याआधी मी शिंप्याच्या खडूनं पेटीच्या चारी बाजूंनी गालिच्यावर रेघ ओढली होती. रस्ता तेव्हा फार खराब होता. संपतनं आरत्या लावल्या होत्या आणि ढोलाचा प्रत्येक ठोका आमच्या पाठीतून आत शिरत होता. आबा पुटपुटले की देवाच्या दारात जायच्या आधीच देव कानात आला. मी गाण्याकडं लक्षच देत नव्हते, पाठीमागं काही घसरतंय का तेवढंच ऐकत होते. देवळाच्या अलीकडं, जिथं ज्वारीची शेतं आणि शेरडं रस्त्यावर येतात, तिथं एका शेरडासाठी संपतनं करकचून ब्रेक मारला. आम्ही तिघंही पुढं आदळलो. खाली उतरल्यावर मी दर्शनाला न जाता आधी डिकी उघडली. खडूची रेघ जशीच्या तशी होती, पेटी तिच्यावर गव्हाच्या दाण्याएवढीही आली नव्हती. मी आजवर पुष्कळ शिवण केली, पण स्वतःच्या हाताचा एवढा अभिमान मला पुन्हा कधी वाटला नाही.

त्यानंतर लोक यायला लागले. लग्नसराईत गाडीत वूफर नसेल तर नवरदेवाच्या मित्रांना चैन पडत नसे, आणि गाडीला भोक मात्र कुणाच्याच घरच्यांना चालत नसे. दोन महिन्यांत मी दहा-बारा खोळी शिवल्या असतील.

आता मामाबद्दल सांगायला हवं. सुभाषमामा हा आईचा धाकटा भाऊ, तिला अक्का म्हणायचा. इंदापुरात त्याचं कॅसेटचं लहानसं दुकान होतं, रेडिओ-टेपही दुरुस्त करायचा. पंधरा दिवसांतून एकदा तो एसटीनं यायचा, येताना ओल्या कागदात गुंडाळून उजनी धरणातली चिलापी मासळी आणायचा, आणि तो पडवीत बसला की आई हसायची. एरवी ती फार हसत नसे. एमआयडीसीच्या सरळ रस्त्यांवर सुट्टीच्या दिवशी त्यानंच मला मोपेड शिकवली. दहावीला मी गणितात उडाले तेव्हा घरात कुणी बोलेना, तर तो आला, मला आठ दिवस इंदापूरला घेऊन गेला आणि गणिताचं नाव न काढता मला कॅसेटींवर नावं लिहायला बसवलं. मामी चिलापीचे तुकडे हळद-मीठ लावून तळायची आणि काटे काढून माझ्या ताटात वाढायची. त्या घरात मी नापास आहे हे कुणाला आठवतही नव्हतं. माणसावर जीव लावायला एवढं खूप होतं.

तर मामानं खोळ बघितली. उलटीसुलटी करून, पट्टा ओढून बघितला, दोन कड्यांतून तो कसा फिरतो ते मला दोनदा करून दाखवायला लावलं. मी सगळं दाखवलं. मापं कशी घ्यायची, वेल्क्रो कुठं लावायचा, फुलीची शिवण का मारायची, फ्रॉकच्या पट्ट्यावरून ते सगळं कसं सुचलं. एका मित्रासाठी म्हणून त्यानं एक खोळ नेली. मी ती त्याला आनंदानं दिली आणि त्याच्या पिशवीत नीट घडी करून ठेवली.

मग हळूहळू माझ्याकडं यायचं काम कमी झालं. मी आईला विचारलं की ती म्हणायची, लग्नसराई सरली, आता कोण विचारतंय. मी मान्य केलं. काळ्या पट्ट्याचं रीळ मात्र भराभर संपत होतं. कॉलेजातून आले की मशीनच्या खाली काळे दोरे पडलेले असायचे आणि आईचा चेहरा दमलेला असायचा. कव्हरांना आम्ही काळा दोरा क्वचितच वापरायचो. आज हे लिहिताना माझी मलाच कीव येते. एवढं सगळं डोळ्यांसमोर होतं, पण ज्या घरात आपण जेवतो तिथं मागं वळून बघायचं कुणाला सुचतं?

मामाच्या धाकट्या मुलीच्या बारशाला आम्ही इंदापूरला जाणार होतो. आईला ऐनवेळी एका गाडीची कव्हरं द्यायची होती, म्हणून तिनं मला एकटीला पुढं पाठवलं. तिला वाटलं असेल की मी सरळ घरी जाईन. पण मी एसटी स्टँडवरून आधी मामाच्या दुकानात गेले, कारण मला बाळासाठी शिवलेली दुपटी सगळ्यांच्या आधी त्याला दाखवायची होती. दुकानातून कॅसेटींच्या मांडण्या निघाल्या होत्या. त्या जागी गाडीचे स्पीकर, वायरींची भेंडोळी आणि एका दांडीवर ओळीनं टांगलेल्या काळ्या खोळी. वर रंगवलेला कापडी बोर्ड होता: भोक न पाडता वूफर फिटिंग, फक्त आमच्याकडे.

मामा आत गिऱ्हाइकाशी बोलत होता. मी दांडीवरची एक खोळ काढून उलटी केली. पहिल्या क्षणी मनात आलं ते एवढंच, की मामानं माझी चोरी केली. राग आला, आणि रागात थोडा आधारही होता, कारण घरी जाऊन आईला सांगता आलं असतं. मग पट्ट्याच्या शिवणीवर नजर गेली. सात-आठ सारखे टाके आणि मग एक लांब. पुन्हा सात-आठ, पुन्हा एक लांब. मी दुसरी खोळ काढली. तिसरी काढली. सगळ्यांना उचकी होती.

मामा बाहेर आला. माझ्या हातात खोळी बघून तो दचकला नाही. हसत पुढं आला, आणि मग माझं तोंड बघून थांबला.

"अक्कानं तुला सांगितलं न्हाय व्हय?" तो म्हणाला.

त्याचं आश्चर्य खरं होतं. त्यानंतर तो बरंच बोलला. कॅसेटी आता कुणी घेत नाही, दोन महिने दुकान नुसतं उघडून बसला होता, त्यानंच अक्काजवळ गोष्ट काढली आणि अक्का म्हणाली, मी शिवून देते, मंदाचं मी बघते. मी दुपटी काउंटरवर ठेवली आणि बारशाला गेले. पाळण्याला हात लावला, घुगऱ्या खाल्ल्या. मामीनं माझ्या ताटात पहिल्यासारखंच जास्तीचं वाढलं. आई संध्याकाळच्या गाडीनं आली. तिनं माझ्याकडं एकदा बघितलं आणि तिला कळलं.

दुसऱ्या दिवशी घरी आल्यावर, ती पाणी भरायला गेली असताना, मी घरभर शोधलं आणि शेवटी कॉटखाली हात घातला. तिथं चादरीत गुंडाळलेल्या तीन तयार खोळी होत्या. मी ब्लेड घेतलं आणि बसून तिन्ही उसवल्या. घाई केली नाही. प्रत्येक टाका कापला, पट्टे वेगळे केले, कड्या एका बाजूला ठेवल्या आणि सगळं तिच्या मशीनवर मांडून ठेवलं. आई आली. हंडा खाली ठेवला, मशीनकडं बघितलं, पदरानं हात पुसले. मग तिनं मशीनवर बसून दोरा ओवला आणि पहिला पट्टा पुन्हा जोडायला घेतला. मी तिथंच उभी होते. तिनं चाक हातानं फिरवायला घेतलं तेव्हा मात्र मला राहवलं नाही. मी विचारलं, का केलंस. तिनं आधी ती शिवण पुरी केली.

"तू उद्या दुसऱ्याच्या घरी जाणार, मंदे," ती म्हणाली. "त्यो हितंच हाय. मला मागं त्योच हाय."

मी शेडचं विचारलं, बोर्डाचं विचारलं. ती म्हणाली की रस्त्यावर दुकान मांडून बसलेली पोरगी बघायला कोण येणार, आणि सुभाषला दुसरं येतंय काय. तुझ्या हातात कला हाय, तुला काय, उद्या दुसरं सुचंल. ती हे मला चांगलं म्हणून सांगत होती. अजूनही वाटतं की तिनं नुसती चूक कबूल केली असती तर मी आठवडाभर रुसून विसरले असते. पण तिनं मला कौतुकाच्या शब्दांत सांगितलं की माझ्याकडून घेतलेलं मोजण्यासारखं नव्हतं.

तात्या पाळीवरून आले तेव्हा मी त्यांच्याकडं गेले. ते मोटरसायकल स्टँडला लावत होते. मी सांगायला सुरुवात केली आणि त्यांच्या चेहऱ्यावरून लक्षात आलं की त्यांना नवीन काहीच नाही. मग माझ्याच डोक्यात आलं, की खोळी इंदापूरला जात कशा होत्या. पाळीवर जाताना तात्याच ते गाठोडं एसटी स्टँडवर नेऊन पार्सलात टाकत होते.

"मला वाटलं, तुला ठावं हाय," ते म्हणाले. "मग वाटलं, ठावं नसंल. पर विचारलं न्हाय."

त्या दिवशी आईनं भरलं वांगं केलं होतं, माझ्या आवडीचं. तिघंही जेवलो. मी भाकरी मोडत होते आणि वाटत होतं, की एवढे महिने या दोघांनी माझ्यासमोर बसून असंच जेवण केलं, चटणी इकडं दे म्हणाले, कॉलेजचं विचारलं. त्यात खोटं काय होतं आणि खरं काय होतं, ते मला वेगळं काढता येईना.

मी आईच्या मशीनवर पुन्हा बसले नाही. परीक्षा झाल्यावर एमआयडीसीत बॅगा शिवणाऱ्या एका शेडमध्ये कामाला लागले. तिथली मशीनं मोठी होती, जाड पट्टा लोण्यासारखा खायची. दोन वर्षांनी लग्न झालं, ते बारामतीतच. नवरा समजूतदार मिळाला, आणि मुलं शाळेत जायला लागल्यावर मी माझं दुकानही टाकलं. सीट कव्हर, पावसाळी ताडपत्री, ट्रॅक्टरचं हूड. बोर्डावर नाव आहे. वूफरच्या खोळी मात्र मी शिवत नाही. कुणी विचारलं तर दुसऱ्या दुकानाचा पत्ता देते. नवऱ्यानं एकदा कारण विचारलं, मी म्हणाले की त्यात राम राहिला नाही. तात्या गेले. त्यांच्या शेवटच्या आजारपणात मी रोज जात होते, त्यांचे पाय चेपत होते, आणि त्यांच्या डोळ्यांत काही सांगायचं आहे असं मला वाटायचं. तो माझाच भास असेल. आई आता माझ्याकडं असते. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून तिला चांगलं दिसतं, फक्त सुईत दोरा ओवता येत नाही.

मामाचं पुढं फार चांगलं झालं. हायवेला मोठं दुकान, हाताखाली माणसं. आमचं येणंजाणं कधी तुटलं नाही. माझ्या लग्नात तोच मला हात धरून बोहल्यापर्यंत घेऊन गेला, आणि मी त्याचा हात सोडवून घेतला नाही.

मागच्या वर्षी त्याची एकसष्टी झाली. मंडप घातला होता, गावातली चार मोठी माणसं व्यासपीठावर. आईनं त्याला ओवाळलं. ताट जड होतं म्हणून ते मी खालून धरलं. मग मामा बोलायला उभा राहिला. धंदा कसा सुरू झाला ते सांगताना तो म्हणाला, की एकदा अक्काच्या घरी जळोचीला बसलो होतो, लहान पोरीच्या फ्रॉकचा पट्टा बघितला आणि एकदम डोक्यात आलं. त्यानं हातानं करून दाखवलं, पट्टा दोन कड्यांतून कसा फिरतो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तो खोटं बोलत नव्हता, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. एवढ्या वर्षांत ते खरंच त्याचं झालं होतं. माझ्या शेजारी बसलेली आईही टाळ्या वाजवत होती, आणि मधेच तिचे हात थांबले.

जेवणं उरकून आम्ही दुपारीच निघालो. गाडी मी चालवत होते. निमगाव केतकी मागं पडलं, लासुर्णे आलं. आईनं मांडीवर मानाची साडी तशीच घडी घालून धरलेली.

"सुभाषनं तुझं नाव घ्यायला पायजे हुतं," ती शेवटी म्हणाली.

मी पुढं उसाच्या ट्रॅक्टरला वाट दिली. दोन्ही ट्रॉल्या पुढं निघून जाईपर्यंत थांबले.

"तू घ्यायचं हुतंस, आई," मी म्हणाले.

थोड्या वेळानं तिनं वारं लागतंय म्हणून काच वर करायला सांगितली, आणि मी केली.